अर्जातली भाषा आणि ओट्यावरची भाषा एका लेखात कशी नांदेल?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय 30. नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका गावठाणात राहते, घर आगरी. ठाण्यात एका वकिलांच्या ऑफिसात मराठी ड्राफ्टिंगचं काम आहे, म्हणजे दिवसभर अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं. रात्री मोबाईलवर स्वतःचं लिहिते, गावाबद्दल, आजीबद्दल. कॉलेजच्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले बोलीभाषा आणि चालू शब्द काढ, लेखाची पातळी घसरते. मावसभावाला पाठवलं तर तो म्हणाला ताई हे वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटतंय. आता एक वाक्य ऑफिसचं आणि एक वाक्य घरचं असं होतं आणि दोन्ही खोटी वाटतात. माझी खरी भाषा कुठली आणि स्वतःची शैली करायची म्हणजे यातली एक सोडायची का?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती आधी सांगते. सरांबद्दल लिहिताना तुमची वाक्यं सरळ, मोजून मापून आलीत, मावसभावाबद्दल लिहिताना ती एकदम मोकळी झालीत, आणि आजीचं वाक्य आलं तिथे तुम्ही ते आजीच्या तोंडचं जसंच्या तसं ठेवलंत. मला एकदाही अडखळायला झालं नाही. म्हणजे जे जमत नाही म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत ते त्या पत्रात जमलेलं आहे. लेख लिहायला बसलात की मात्र सर एका खांद्यावर आणि मावसभाऊ दुसऱ्या खांद्यावर येऊन बसतात, आणि मग प्रत्येक वाक्य कुणाला तरी पास करायला लिहिलं जातं.

तुमच्या प्रश्नात 'खरी भाषा' असं आलंय, त्यावर थोडं थांबूया. माणसाची एकच खरी भाषा असते आणि बाकीच्या वरवरच्या, हे मला पटत नाही. सकाळी आजीशी बोलता ती तुमची भाषा, ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मैत्रिणीशी बोलता तीही तुमची, आणि ऑफिसात 'माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून आपणांस कळविण्यात येते की' असं टाइप करता ती पण तुमचीच, कारण ती कमवायला तुम्ही वर्षं घातलीत. अशील समोर बसून नोटीस हातात धरून विचारतो ना, 'ताई, म्हणजे माझं घर जातंय का?' तेव्हा तुम्ही काय करता? त्या जड कागदातला मुद्दा उचलून त्याला कळेल असं सांगता, की नाही काका, घर जात नाहीये, पण 15 दिवसांत उत्तर द्यायचंय, ते दिलं नाही तर मात्र अडचण होईल. यात मुदतीचा आकडा चुकत नाही, कायद्याचा अर्थ बदलत नाही, आणि माणूस घाबरतही नाही. औपचारिक आणि घरगुती असं एकत्र आणायचं ते हेच, आणि हे तुम्ही रोज करता. लेखात तेवढंच करायचंय, फक्त समोरचा काका दिसत नसतो.

दुसरी एक समजूत तुमच्या पत्रात दडलीये आणि ती फार जणांची असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही धरून चाललाय की प्रमाण मराठी म्हणजे औपचारिक आणि आगरी म्हणजे अनौपचारिक. असं नाहीये. तुमच्याकडच्या लग्नात धवलारीण येते, ती धवले गाते, लग्नाचे विधी त्या गाण्यांवर पुढे सरकतात. ती भाषा आगरीच असते ना? पण ती ओट्यावर गप्पा मारतानाची आगरी नाही, तिला लय आहे, ठरलेला क्रम आहे, मान आहे, कुणीही उठून त्यात काहीही घुसडत नाही. म्हणजे तुमच्या बोलीला स्वतःची औपचारिकता आहे आणि ती कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकाकडून उसनी आणलेली नाही. आणि उलट बाजूने बघा, तुमच्या गावात 'सातबारा', 'फेरफार', 'प्रकल्पग्रस्त', 'साडेबारा टक्के' हे शब्द किती सहज बोलले जातात. संपादित जमिनीच्या 12.5 टक्के विकसित भूखंड परत द्यायची ती योजना, तिचं नाव सरकारी कागदावर जन्माला आलं आणि आज ते हळदीच्या मांडवात ऐकू येतं. ज्या घरात सरकारी भाषा पन्नासेक वर्षं पाहुणी म्हणून येतेय त्या घरातली मुलगी लिहायला बसली तर दोन्ही आवाज येणारच, आणि यायलाच हवेत. त्यातला एक काढून टाकलात तर तुमच्या गावाची अर्धी गोष्ट निघून जाईल.

तरी पर्याय बघून घेऊया, कारण मी म्हणते म्हणून मिसळच करा असं नाही. पूर्ण प्रमाण भाषेत लिहायचं हा एक रस्ता आहे, त्यात काही कमीपणा नाही, लेख दूरवर जातो, नागपूरच्या वाचकालाही अडत नाही. पण मग आजीचं बोलणं तुम्हाला प्रत्येक वेळी बदलून घ्यावं लागेल आणि तुमच्या लेखातली सगळ्यात जिवंत बाई तीच आहे. पूर्ण आगरीत लिहायचं हा दुसरा रस्ता, आणि तो मला मनापासून आवडतो, एखादा लेख तरी तुम्ही तसा लिहाच, फक्त तो निवडून लिहा, सरांना उत्तर म्हणून नको. तिसरा रस्ता बरेच जण नकळत घेतात, की नोकरीची भाषा ऑफिसात ठेवायची आणि स्वतःचं लिहिताना ती पूर्ण विसरायची. हा मला सगळ्यात तोट्याचा वाटतो. नोटीस लिहून लिहून तुम्हाला जे आलंय, म्हणजे नाव, तारीख, ठिकाण न चुकता सांगणं, आरोप आणि पुरावा वेगळा ठेवणं, एका वाक्यात एकच मागणी करणं, हे हौशी लिहिणाऱ्या फार थोड्या लोकांकडे असतं. ते का टाकायचं?

आता तुम्ही पाठवलेला परिच्छेद घेऊ. तुम्ही लिहिलंय:

'सदर गावालगत खाडीकिनारी पूर्वी मिठागरे अस्तित्वात होती. आजी भल्या पहाटे तिकडे जायची यार, पायाला नुसत्या भेगा. तदनंतर सिडकोमार्फत जमिनी संपादित करण्यात आल्या आणि सगळी वाट लागली.'

हे वाचताना खटकतं, पण दोन भाषा आहेत म्हणून नाही खटकत. 'सदर' खटकतं कारण त्या गावाशी तुमचं नातं सदर म्हणण्याचं नाही, ते तुमचं गाव आहे. 'यार' खटकतं कारण तो शब्द नक्की कुणाला म्हटलाय ते कळत नाही, वाचक तुमचा यार अजून झालेला नाही आणि विषय आजीच्या पायांचा आहे. 'वाट लागली' हे मात्र जास्त नुकसान करतं, कारण त्यात वाचकाने काय वाटून घ्यायचं ते तुम्हीच सांगून टाकलंत, त्याला काही करायला उरलंच नाही. आणि या सगळ्यात तुमच्या हातात असलेली सगळ्यात भारी गोष्ट, आजीचं वाक्य, ते तुम्ही लेखात न घालता मला पत्रात खाली कळवलंत!

मी ते असं लावून बघितलं, तुमचेच शब्द घेऊन, थोडी भर घालून:

'गावाला लागून खाडी आणि खाडीला लागून मिठागरं. आजी अंधार असतानाच निघायची. मिठाच्या पाण्यात उभं राहून तिच्या पायांना भेगा पडल्या, त्या अजून आहेत. 1970 साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादित करण्यात आल्या. आजीला विचारलं तर ती एवढंच सांगते, कागद वाचला कोनी, आंगठा घेतला नि गेली जमीन.'

बघा, 'संपादित करण्यात आल्या' मी मुद्दाम ठेवलंय. सरकारी वाक्यात करणारा माणूस दिसत नाही, जमिनी आपोआप संपादित होतात, आणि त्या वाक्याला लागूनच आजी येते जिच्या वाक्यात अंगठा आहे, कागद आहे, तो न वाचलेला आहे. दोन वाक्यं शेजारी ठेवली की मधलं सगळं वाचकाला आपसूक कळतं, तुम्हाला ना रागवावं लागतं ना रडावं लागतं. ऑफिसची भाषा इथे ओझं झाली नाही, ती त्या काळात तुमच्या गावाशी कोण कसं बोललं याचा पुरावा झाली. माझं म्हणणं सगळं यातच आलं खरं तर. भाषा कधी बदलायची तर तुमचं आणि विषयाचं अंतर बदलेल तेव्हा. कागद बोलतोय तिथे कागदाचा आवाज, आजी बोलतेय तिथे आजीचा, आणि तुम्ही सांगताय तिथे तुमचा, जो या दोघांना ओळखतो.

हेच उलटही लागू पडतं. 1984 च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, याच संपादित जमिनींसाठीच्या आंदोलनात 5 शेतकरी हुतात्मा झाले, त्याबद्दल तुम्ही कधीतरी लिहालच, तिथे आवाज चढवायची इच्छा होईल, मोकळे शब्द हाताशी येतील. तिथे तुमची नोटिशीची शिस्त वापरा. महिना, वर्ष, ठिकाण, किती माणसं गेली, कशासाठी उभी होती. इतकं सरळ लिहिलेलं वाक्य किती जड पडतं ते बघा. औपचारिक भाषा नेहमी कोरडीच असते असं थोडंच आहे, काही वेळा ती मान राखते.

आता हाताला लागतील अशा काही गोष्टी, ज्या तुमच्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोगी पडतील. काय मिसळायचं आणि काय मिसळायचं नाही हे एकदा वेगळं करा. शब्द मिसळा, वाक्यांची लांबी मिसळा, पण 'केले' आणि 'केलं' एकाच आवाजात मिसळू नका. 'होती, मिठागरे, सांगितले' असं चाललंय आणि मधेच 'केलं, असं, तिचं' आलं की वाचकाला ती शैली वाटत नाही, चूक वाटते, आणि मग तुम्ही पुढे मुद्दाम केलेली गोष्टही तो चूक म्हणूनच वाचतो. तुमचा सांगणारा आवाज 'केलं'चा ठेवायचा की 'केले'चा ते लेखापुरतं एकदाच ठरवा. तुमच्या विषयाला मला 'केलं' बरं वाटतं. कागदातला उतारा देताना तिथे 'केले' येऊ दे, ते त्या कागदाचं आहे.

तसंच वाचकाला काय म्हणायचं ते. 'आपण', 'तुम्ही', 'तू' यात फिरत राहिलात तर वाचकाला कळत नाही की तो पाहुणा आहे, शेजारी आहे की धाकटा भाऊ. एक पकडा.

आणि मोकळं लिहिणं म्हणजे यार, ना, भारी, एक नंबर असे शब्द पेरणं नव्हे. ते शब्द वाईट नाहीत, मी पण वापरते, आत्ता याच उत्तरात वापरलेत, पण बोलण्याचा बाज त्या शब्दांनी येत नाही, तो बहुतेक वेळा शब्दांच्या जागेवरून येतो. छापील मराठीत क्रियापद शेवटी बसतं, बोलताना आपण क्रियापदानंतरही काहीतरी ठेवतो. 'जमीन गेली' हे लिहिलेलं वाक्य आहे. 'गेली जमीन' हे आजीचं. शब्द तेच दोन, एकही बोलीतला नाही, तरी माणूस बोलतंय हे कळतं. 'आलाच नाही तो परत', 'बंद झाली ती वाट' अशी वाक्यं लेखात अधूनमधून आली की लेख श्वास घेतो, आणि सरांना लाल पेनने खोडायला त्यात काही सापडणार नाही. पण अधूनमधूनच हं, प्रत्येक वाक्य असं उलटं केलंत तर नाटकी होईल.

ऑफिसच्या भाषेतलं सरसकट काय काढायचं तर 'सदर', 'उपरोक्त', 'तदनंतर', 'च्या अनुषंगाने', 'च्या माध्यमातून', 'अस्तित्वात होती'. हे शब्द काढल्यावर वाक्याचा अर्थ जसाच्या तसा राहतो, म्हणजे ते नुसते बसून होते. आणि ठेवायचं काय तर ज्या शब्दाला दुसरा नेमका शब्द नाही ते. 'गावठाण' ठेवा, 'फेरफार' ठेवा, 'ताबा' ठेवा. सोपं करायच्या नादात 'ताबा'चं 'जागा' केलंत तर मालकी आणि ताबा यातला जो फरक तुम्हाला नोकरीत पाठ आहे तो लेखातून निघून जाईल.

हा प्रश्न फक्त लेख लिहिणाऱ्यांचा नाहीये हेही सांगते. घोडबंदर रोडवर कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर बघा, सेक्रेटरी लिहितात, 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की शुक्रवारी पाणीपुरवठा 24 तास बंद राहील, तरी कृपया नोंद घ्यावी.' बरोबर आहे, वार आणि तास नेमके आहेत, पण लोक ते वाचत नाहीत. त्याखाली एक ओळ घातली, 'गुरुवारी रात्रीच बादल्या भरून ठेवा, आणि चौथ्या मजल्याच्या वर जे एकटे ज्येष्ठ आहेत त्यांना जरा विचारा', की तो निरोप शेजाऱ्याचा होतो. नियम सांगताना औपचारिक, हात मागताना आपलं. शाळेतल्या बाई पालकांना लिहितात, बँकेतला कर्मचारी खातेदाराला समजावतो, तिथेही हेच चालतं.

सराव म्हणून एक करून बघा. एकच प्रसंग घ्या, छोटा, समजा आजीने पहिल्यांदा बँकेत सही केली तो दिवस. आधी तो मावसभावाला व्हॉइस नोटवर सांगा, तयारी न करता, आणि पाठवू नका, ऐकून जसाच्या तसा उतरवून काढा, अडखळण्यासकट. मग तोच प्रसंग तहसीलदारांना अर्ज लिहिताय असं समजून लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. व्हॉइस नोटमध्ये कुठली गोष्ट आलीये जी अर्जात नाही, आणि अर्जात काय आहे जे बोलताना राहून गेलं? माझा अंदाज असा की बोलताना माणसं, हावभाव, बोललेलं वाक्य येईल, आणि अर्जात साल, ठिकाण, कशाआधी काय घडलं ते येईल. तिसरा मसुदा या दोघांतून उचलून करा. पहिले काही वेळा ठिगळं दिसतील, दिसू देत. हळूहळू तुम्हाला कळायला लागेल की कुठल्या गोष्टीला तुमचा हात आपोआप कुठल्या भाषेकडे जातो, आणि ती सवय म्हणजे तुमची शैली, ती आधी ठरवून मग लिहायला बसायची गोष्ट नाहीच.

वाचनाचं विचारलं होतंत. ठाण्यात नोकरी करताय तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, 1893 पासून चालू असलेली संस्था आहे, तिथे जुनं गद्य बसून वाचा. महानुभावांचं तेराव्या शतकातलं गद्य बघा, माणसं काय बोलली ते किती छोट्या वाक्यांत टिपलंय. महात्मा फुल्यांचं गद्य बघा, एकीकडे इतिहासाचा कडक युक्तिवाद आणि दुसरीकडे समोर बसलेल्या माणसाशी प्रश्नोत्तरं. त्यांची भाषा उचलायची नाहीये, ते एका आवाजातून दुसऱ्यात कुठल्या जागी गेले ते बघायचंय. पेन्सिलीने वहीत ती जागा टिपून ठेवा.

राहिले सर. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनी तुम्हाला लिहायला लावलंय, त्यांचं प्रेम आहे त्यात. पण त्यांना एक सांगता येईल. आपण जे लेखनाचे नियम पाळतो, साहित्य महामंडळाचे, 1962 साली 14 आणि 1972 साली आणखी 4 असे मान्य झालेले, त्यातच पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायची सोय आहे. म्हणजे आजीचं 'कोनी' हे अशुद्ध नाही, नियमात बसणारं आहे. तुमच्या सांगणाऱ्या आवाजाचं 'केले' की 'केलं' यावर त्यांचं मत वेगळं असू शकतं, असू दे. आणि पुढच्या वेळी दोघांनाही 'कसं वाटलं?' असं विचारू नका, त्याचं उत्तर माणूस आपल्या सवयीप्रमाणे देतो. सरांना विचारा, 'यात कुठे माहिती अपुरी आहे?' भावाला विचारा, 'वाचताना कुठे थांबलास?' या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला कामाची आहेत.

आजीचं वय तुम्ही 80 च्या पुढे लिहिलंय. शैलीचं काम वर्षभर चालेल, पण आजीचं बोलणं आत्ताच रेकॉर्ड करायला घ्या, त्यांना विचारून, फोन समोर ठेवून, आणि गावात धवले येणारी कुणी बाई असेल तर आजीला घेऊनच तिच्याकडे जा. धवले उतरवताना एकही अक्षर प्रमाण करू नका. तिचं नाव लेखात घालायचं की नाही ते तिलाच ठरवू द्या.